'पेन' : एका दुखऱ्या शब्दाची कुळकथा

आताशा आपल्या घरांतून कुणाचे काही दुखत नाही. जे काही होते ते 'पेन' होते. आजीच्या गुडघ्यात पेन, सूनबाईंच्या कमरेत पेन, धाकट्याच्या दाढेत पेन. आणि या सर्वांवर उतारा म्हणून फडताळात 'पेनकिलर'ची पट्टी. आमची धाकटी बालवाडीत होती तेव्हा तिच्या आजीने "पोटात पेन होतंय गं" म्हणताच तिने मोठ्या काळजीने विचारले होते, "आजी, टोपण लावलेलं होतं ना?"

मी मराठीचा अध्यापक. तेव्हा असला शब्द कानी पडला की मी कपाळाला आठ्या घालाव्यात आणि भाषाशुद्धीवर चार शब्द सुनवावेत, अशी लोकांची अपेक्षा असते. पण खरे सांगायचे तर पाहुण्या शब्दांचा मला फारसा राग येत नाही. पोर्तुगीजांकडून बटाटा आला, साबण आला, पगार आला. आणि पगार आला म्हणून तर आमची दिवाळी साजरी होते! दारी आलेल्या पाहुण्याला हुसकावण्यापेक्षा त्याचे कूळगोत्र विचारावे, हा माझा शिरस्ता. या 'पेन'चे कूळ विचारत विचारत मी मागे गेलो, तो थेट एका खुनाच्या खटल्यापाशी जाऊन पोचलो.

पण त्याआधी तोतये बाजूला काढू. नावात साम्य दिसले की नाते जोडण्याची माणसाला मोठी हौस असते आणि शब्दांच्या बाबतीत ती नेहमी अंगलट येते. लिहिण्याचे पेन हे लॅटिन 'पेन्ना'पासून आले. पेन्ना म्हणजे पीस. तिकडे पिसांच्या लेखण्या करीत, म्हणून ते नाव. त्याचा दुखण्याशी संबंध नाही (परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांचे मत निराळे पडेल). दुसरा तोतया अधिक मौजेचा आहे. इंग्रजीत दुखण्याचा 'पेन' ज्या चार अक्षरांनी लिहितात, नेमक्या त्याच चार अक्षरांचा एक शब्द फ्रेंचमध्ये आहे. उच्चार वेगळा, आणि अर्थ 'पाव'! हा शब्द लॅटिन 'पानिस'चा मुलगा. त्याच पानिसचा पोर्तुगीज मुलगा समुद्रमार्गे आपल्याकडे आला आणि 'पाव' म्हणून इथलाच होऊन राहिला. म्हणजे पॅरिसच्या बेकरीतला तो शब्द आणि आपल्या वडापावातला पाव हे चक्क चुलतभाऊ. इंग्रजी 'पेन' मात्र त्यांच्या भावकीतला नव्हे.

आता खरे कूळ. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढली दोनतीनशे वर्षे दरबाराची आणि न्यायकचेरीची भाषा फ्रेंच होऊन बसली. आपल्याकडे फारसीचे जे झाले तेच. शेतकरी आपले इंग्रजी बोले आणि कारकून फ्रेंच. त्या कारकुनी फ्रेंचमधून इ.स. १३००च्या सुमारास 'पेन' इंग्रजीत उतरला. आणि उतरला तेव्हा त्याचा पहिला अर्थ दुखणे हा नव्हताच. त्याचा अर्थ होता शिक्षा. गुन्ह्याबद्दल मिळणारा दंड. फ्रेंच शब्द लॅटिन 'पोएना'चा आणि लॅटिन शब्द ग्रीक 'पोइने'चा. तिन्ही पिढ्यांचा धंदा एकच, दंडवसुली.

या घराण्याची इतर मंडळी आपल्या चांगल्या ओळखीची आहेत. फुटबॉलच्या मैदानावरची 'पेनल्टी' ती हीच. 'पनिशमेंट' याच घरची. साक्षीदाराला कोर्टात खेचून आणणारा 'सपीना' म्हणजे मूळ लॅटिनमध्ये 'सब पोएना', दंडाच्या धाकाखाली. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील आयोगाने ज्याचा मसुदा केला आणि जो १८६० साली मंजूर होऊन १८६२ पासून लागू झाला, त्या इंडियन पीनल कोडातला 'पीनल' हाही यांचाच सख्खा. १ जुलै २०२४ पासून त्या कोडाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि या घराण्याचे आपल्या कायद्याच्या मुखपृष्ठावरचे बिऱ्हाड उठले. गुडघ्याचे मात्र अजून उठलेले नाही.

आणि तो खुनाचा खटला? तो होमरच्या 'इलियड'मध्ये आहे. अठराव्या सर्गात अकिलीससाठी देवांचा लोहार एक नवी ढाल घडवतो आणि तिच्यावर सगळ्या जगाची चित्रे कोरतो. त्यांत एका शहराच्या चौकात माणसांची गर्दी जमली आहे. दोन माणसे भांडताहेत. एका माणसाचा खून झालेला आहे आणि भांडण त्याच्या 'पोइने'वरून आहे. एक म्हणतो, मी सगळी भरपाई दिली. दुसरा ती घ्यायला तयार नाही. वृद्ध पंच दगडी आसनांवर बसून निवाडा देताहेत. तेव्हा 'पोइने' म्हणजे मेलेल्या माणसाच्या नातलगांनी सूड उगवू नये म्हणून त्यांना द्यायची रक्कम, रक्ताची किंमत. आपल्या गुडघ्यातल्या 'पेन'चा मूळ पुरुष म्हणजे ही भरपाईची थैली.

भाषापंडित याच्याही मागे जातात. त्यांच्या मते या सर्वांच्या मुळाशी 'फेडणे, मोबदला देणे, देणे चुकते करणे' अशा अर्थाचा एक प्राचीन धातू होता. त्याच्या इतर शाखा पाहिल्या की मन थक्क होते. लिथुआनियन भाषेत 'काइना' म्हणजे किंमत. रशियनमध्ये 'त्सेना' म्हणजे किंमत. इराणात याच धातूचा 'कीना' झाला. त्याचा अर्थ मनात धरलेले वैर, डूख. उर्दू शायरीच्या शौकिनांनी हा कीना ऐकलेला असेल. आणि आपल्या संस्कृतातही सूड घेणे, शासन करणे या अर्थाचा 'चि' धातू आहे. त्याचे रूप 'चयते'. फुले वेचण्याचा 'चि' वेगळा, बरे का. एका घरी किंमत, दुसऱ्या घरी वैर, तिसऱ्या घरी शासन आणि चौथ्या घरी पाठदुखी. बीज एकच, देणे फेडण्याचे.

इंग्रजीने हा जुना अर्थ पुरता टाकलेला नाही. अमुक कराल तर देहदंड होईल, असे बजावताना तिथे आजही 'पेन ऑफ डेथ' म्हणतात. १८२० साली चौथ्या जॉर्ज राजाला आपल्या राणीपासून, कॅरोलाइनपासून, सुटका हवी होती, तेव्हा पार्लमेंटात जे विधेयक आले त्याचे नावच 'पेन्स अँड पेनल्टीज बिल' होते. (सरदारांच्या सभेत ते जेमतेम मंजूर झाले आणि लोकांचा कल पाहून सरकारने गुंडाळले.) त्याहून भयंकर प्रकार जुन्या इंग्लिश कायद्यातला. आरोपी 'गुन्हा कबूल' किंवा 'नाकबूल' यांपैकी काहीच बोलायला तयार नसला तर त्याच्यावर खटला चालवता येत नसे. मग त्याला उताणे निजवून छातीवर वजने ठेवीत जायचे, बोलेपर्यंत किंवा मरेपर्यंत. याचे नाव फ्रेंचमधून आलेले होते आणि त्याचा अर्थ 'जबर आणि कठोर शिक्षा' असा. त्या नावातला शिक्षेचा शब्द म्हणजे आपला हाच. अमेरिकेतल्या सेलम गावी १६९२ साली चेटकाच्या खटल्यांत जाइल्स कोरी नावाचा ऐंशीच्या घरातला शेतकरी असा दगडांखाली दडपून मारला गेला; तो अखेरपर्यंत बोलला नाही. इंग्लंडात ही चाल १७७२ साली बंद झाली. शिक्षा आणि वेदना यांच्यातले अंतर इथे किती उरले होते, ते वाचकांनीच पाहावे.

जाता जाता एक हलकी गोष्ट. याच शब्दाची एक फांदी कष्टाकडेही वळली. मेहनत घेणे याला इंग्रजीत 'पेन्स' घेणे म्हणतात ते त्यामुळे. सतराव्या शतकात एखाद्या धर्मोपदेशकाला 'पेनफुल' म्हटले तर ती स्तुती असे. बिचारा फार कष्ट घेऊन प्रवचन तयार करतो, असा अर्थ. आज आमच्या एखाद्या प्राध्यापकाला विद्यार्थी हेच विशेषण लावतात, तेव्हा त्यांना सतरावे शतक अभिप्रेत असते असे मला वाटत नाही.

आता मुख्य प्रश्न. शिक्षेचे दुखणे झाले कसे? याचे उत्तर चर्चच्या भिंतींवर होते. मध्ययुगात तिथे नरकाची चित्रे रंगवलेली असत. कढया, चिमटे, ज्वाळा. पाप्याला मिळणारी शिक्षा ती 'पेन'. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र कायद्याचे कलम राहत नसे, राहत असे ते भाजणे. शिक्षेचे नाव तिच्या चटक्याला चिकटले आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत साध्या अंगदुखीलाही लोक 'पेन' म्हणू लागले. इंग्रजीपाशी स्वतःचे शब्द नव्हते असे नाही. 'एक' होता, आपण 'हेडएक' म्हणतो त्यातला. पण 'एक' हे बापडे घरगुती दुखणे, दातांचे, डोक्याचे. 'पेन'च्या मागे देव, राजा आणि कोर्ट उभे होते.

आणि शब्दाच्या मागे जे उभे असते ते शब्द वापरणाऱ्याच्या मागेही येऊन उभे राहते. दुखणे ही जर शिक्षा, तर दुखणे थांबवणे म्हणजे शिक्षेत ढवळाढवळ! ही नुसती तर्काची कसरत नव्हे. नोव्हेंबर १८४७मध्ये एडिंबरोच्या डॉ. जेम्स यंग सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म प्रथम स्वतः हुंगून पाहिले आणि काही दिवसांतच बाळंतिणीला दिले. त्यावर आक्षेप निघाला की, स्त्रीने वेदनेने मुलांना जन्म द्यावा हे बायबलात ईव्हला सांगितलेले आहे. तो दंड आहे, डॉक्टरने तो माफ करण्याचे कारण नाही. हा विरोध किती मोठा होता यावर इतिहासकारांत वाद आहे. पण सिम्प्सनने त्याची दखल घेतली एवढे खरे. त्याच वर्षी डिसेंबरात त्याने धार्मिक आक्षेपांना उत्तर म्हणून एक पुस्तिका छापली. एका मराठीच्या मास्तराला तिच्यात अत्यानंद व्हावा असे एक प्रकरण आहे, कारण या सुईणीच्या विद्येतल्या डॉक्टरने आपला बचाव व्युत्पत्तीवर उभा केला! त्याचे म्हणणे असे, की मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ वेदना नसून श्रम, कष्ट असा आहे. त्याच अध्यायात पुढे ॲडमने जमीन कसताना जे सोसायचे त्यालाही त्याच कुळातला शब्द आहे. शेतकऱ्याने नांगर वापरला तर पाप नाही, मग बाळंतिणीने औषध घेतले तर का असावे? वर त्याने हेही बजावले की, ॲडमची बरगडी काढताना देवाने त्याला आधी गाढ झोप आणली होती. म्हणजे पहिले भूलतज्ज्ञ कोण ते पाहा. पुढे ७ एप्रिल १८५३ रोजी खुद्द व्हिक्टोरिया राणीने आपल्या आठव्या बाळंतपणात डॉ. जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतले आणि निदान इंग्लंडातल्या सभ्य घरांत कुजबुज थंडावली. एका शब्दाच्या अर्थावर बायकांचा एवढा मोठा त्रास टांगलेला होता, हे आमच्या व्युत्पत्तीच्या तासाला जांभया देणाऱ्यांना मी नेहमी सांगतो.

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे याला शब्द किती! आणि प्रत्येकाची जात वेगळी. 'पीडा' म्हणजे मुळात दाबणे. ऊस पिळतो, धुणे पिळतो, ते 'पिळणे' याच 'पीड्'पासून आले. ग्रीकमध्ये दाबण्याला जो शब्द आहे तोही याचाच भाऊबंद; १८८० साली क्यूरी बंधूंनी स्फटिक दाबून वीज निर्माण होते हे दाखवले आणि त्या विजेला जे 'पिझो' नाव मिळाले ते त्यावरून. तेव्हा गॅस पेटवायच्या खटक्यातला पिझो आणि बलिप्रतिपदेला आयाबाया जी टळो म्हणतात ती इडापिडा, यांचे नाते आहे, हे यंदा ओवाळताना लक्षात असू द्यावे. 'व्यथा' म्हणजे थरथरणे, डळमळणे. 'शूळ' म्हणजे उघडच टोकदार हत्यार. इंग्रजीतल्या 'अँजायना'च्या मुळाशी आवळण्याचा, गळा दाबण्याचा अर्थ आहे आणि वेदांतला संकटवाचक 'अंहस्' त्याचाच नातलग; दोघांतही जागा अरुंद होण्याची, कोंडमाऱ्याची कल्पना आहे. छातीवर हात दाबून आलेल्या रोग्याने 'कोंडल्यासारखं होतंय' म्हटले तर तो चार हजार वर्षांचे बोलतो.

पण सर्वांत निराळा शब्द 'वेदना'. हा 'विद्' धातूपासून आला. विद् म्हणजे जाणणे. वेद, विद्या, विद्वान ही सगळी त्याचीच प्रजा. 'वेदना' म्हणजे मुळात नुसती जाणीव. बौद्धांच्या ग्रंथांत वेदना तीन प्रकारची सांगितली आहे: सुखाची, दुःखाची आणि ना सुख ना दुःख अशी. सुखाची वेदना! आज आपल्याला हे विचित्र वाटते, कारण पुढे या शब्दाला दुखऱ्या जाणिवेनेच व्यापून टाकले. पण मूळ शब्दात कुठे गुन्हा नाही, गुन्हेगार नाही, वसुली नाही. अंगात काही घडते आहे आणि ते मला कळते आहे, एवढेच. आणि गंमत पाहा, ज्या बाळंतपणावरून तिकडे एवढे रणकंदन झाले, त्याच्या कळांना आपल्या आज्या 'वेणा' म्हणत. वेणा म्हणजे वेदनाच, प्राकृताच्या जात्यातून भरडून आलेली.

इथवर वाचून कुणाला वाटेल, की बघा, त्यांची ती शिक्षा आणि आमचे ते ज्ञान! असल्या टाळ्या घेण्याचा मोह मराठीच्या अध्यापकाला पडतो. पण शब्दकोश फार प्रामाणिक असतो. तो पुढचे पान उलटायला लावतो. आपल्याकडे 'यातना' हाही शब्द आहे. आणि यातनेची कुंडली 'पेन'च्या कुंडलीशी घरोघर जुळते. यातनेचा जुना अर्थ परतफेड. 'वैरयातन' म्हणजे वैर फेडून टाकणे. अमरकोशात 'वैरनिर्यातन' हा प्रतीकाराचा पर्याय म्हणून दिलेला आहे. आपस्तंबाच्या धर्मसूत्रात क्षत्रियाचा वध करणाऱ्याने वैरयातनासाठी १००० गाई द्याव्यात असे आहे. वैश्याबद्दल १००, शूद्राबद्दल १०. (रक्ताची किंमत वर्णाप्रमाणे उतरत जाते, हे वाचून मान खाली जाते, पण आहे ते असे आहे.) म्हणजे होमरच्या चौकातली 'पोइने' आणि आपस्तंबाचे वैरयातन एकच वस्तू. पुढे हीच यातना यमाच्या दरबारी गेली, पाप्याला नरकात मिळणारी शिक्षा झाली, आणि तिथून खाली येऊन आपल्या मणक्यात बसली. दोन्ही शब्दांचे धातू वेगळे, त्यांची कधी गाठभेट नाही, पण वाट मात्र पावलागणिक तीच: भरपाई, शिक्षा, नरक, दुखणे. माणसाचे मन सगळीकडे असेच चालत असावे. कळ आली की ते आधी विचारते, कुणाचे काय देणे लागतो मी?

हे मी पुस्तकात वाचले त्याआधी घरात ऐकले होते. आमची आत्या २०१६ साली गेली. शेवटचे पाच महिने कर्करोग मणक्यात उतरलेला होता. आयुष्यभर दुसऱ्यांची बाळंतपणे आणि आजारपणे काढलेली बाई. तिला स्वतःसाठी 'हाय' म्हणायची सवय नव्हती. मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्याने हे औषध मिळणे फार अवघड करून ठेवले होते, २०१४ साली तो कायदा थोडा सैल झाला, आणि तरीही आम्हाला तीन दुकाने हिंडावी लागली. अशी मिळवलेली गोळी आत्या जिभेखाली लपवून नंतर थुंकून टाकी. मला हे कळले तेव्हा मी विचारले, "आत्या, अगं, का असं करतेस?"

ती म्हणाली, "अरे, फेडतेय मी. मधेच बुडवलं तर पुन्हा यायला लागेल फेडायला."

फेडतेय! मी पुढे काही बोललो नाही. ज्या धातूपर्यंत पोचायला युरोपातल्या पंडितांना शंभर वर्षे लागली, तो तिने एका क्रियापदात सांगितला होता. पण त्या व्युत्पत्तीचा मला त्या रात्री काडीचा आनंद झाला नाही. भिंतीला पाठ लावून, दात आवळून ती बसली होती आणि तिचा सावकार कोण, कर्ज कशाचे, हे तिलाही सांगता येत नव्हते.

घरी येऊन रोग्याला पाहणाऱ्या एक डॉक्टरीणबाई होत्या. चाळीशीच्या, मितभाषी. त्यांनी आत्याशी पापपुण्याचा वाद घातला नाही. खुर्ची ओढून जवळ बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, औषध नंतर बघू. कसं दुखतं ते मला सांगा."

"दुखतं म्हणजे दुखतं."

"ठणकतं का?"

"नाही गं, ठणका परवडला. हे भाजल्यासारखं आहे. आणि मधेच कमरेतून पायाच्या अंगठ्यापर्यंत वीज जाते. मग पायावर नुसती चादर आली तरी चरचरतं."

बाई लिहून घेत होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी मला सांगितले की, भाजणे आणि वीज जाणे ही मज्जातंतू दाबला गेल्याची भाषा आहे. त्याला नुसते मॉर्फिन पुरत नाही, जोडीला निराळे औषध लागते. ते सुरू केले. आत्याने ते घेतले. मला वाटते, कुणीतरी आपले दुखणे शब्दशः उतरवून घेतले याचा मान राखून घेतले. शेवटचे सात आठवडे ती रात्री झोपली. कर्जाचा विषय तिने पुन्हा काढला नाही, मीही नाही.

रोग्याच्या शब्दांवर विश्वास ठेवून दुखण्याचा माग काढण्याची ही विद्या फार जुनी नाही असे समजतात. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस काढणाऱ्या सिसिली साँडर्स या आधी परिचारिका होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर. रोग्यांचे बोलणे तासन्‌तास ऐकून त्या म्हणाल्या की, मरणाऱ्याचे दुखणे एकट्या शरीराचे नसते. त्यात मनाचे, घरच्यांचे, पैशाचे आणि देवाशी चाललेल्या भांडणाचेही असते, आणि उपचार त्या सगळ्याचा हवा. आपल्याकडे पहिले असे सदन १९८६ साली मुंबईत वांद्र्याला निघाले. त्याचे नाव शांती अवेदना सदन. नाव ठेवणाऱ्याला दाद दिली पाहिजे.

१९७५ साली कॅनडातल्या मॅक्‌गिल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी रोग्यांच्या तोंडचे ७८ शब्द गोळा करून त्यांचे २० गट पाडले आणि एक प्रश्नावली केली. रोग्याने आपल्या दुखण्याला लागू पडतील ते शब्द निवडायचे. धडधडणारे, कापणारे, चावणारे, भाजणारे असे गट करीत करीत चौदाव्या गटापाशी आलो तेव्हा मी थबकलो. त्या गटाचे नाव आहे शिक्षा! विसाव्या शतकातले रोगीही आपल्या कळेला 'शिक्षा करणारी', 'क्रूर' अशीच विशेषणे लावत होते. सातशे वर्षांपूर्वी घराबाहेर काढलेला अर्थ मागल्या दाराने परत आलेला. दुखण्याचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ साली 'पेन'ची व्याख्या केली आणि २०२०मध्ये ती सुधारली. तिच्यात शिक्षेचा मागमूस नाही. दुखणे हा इंद्रियांचा आणि भावनेचा अप्रिय अनुभव असतो, दुखते असे कुणी सांगितले तर त्याचा मान राखावा, आणि ज्याला सांगता येत नाही त्याला दुखत नसेल असे धरू नये, असा तिचा सूर आहे. सातशे वर्षांनी 'पेन' चालत चालत 'वेदने'च्या अंगणात आला, असे मी वर्गात म्हणतो.

मात्र शब्दांची यादी करण्यात मेल्झॅकसाहेब पहिले नव्हेत. सुश्रुताने सूत्रस्थानात व्रणाच्या वेदनांची नावे दिली आहेत: तोदन, भेदन, ताडन, छेदन, मंथन, निर्दहन, स्फोटन, विदारण आणि, माझे सर्वांत आवडते, चुमचुमायन. हा शेवटचा शब्द उच्चारून पाहा. जखम भरत आली की तिच्या कडेला जे होते तेच जिभेवर होते.

आत्याच्या प्रकरणानंतर मी दरवर्षी एम.ए.च्या मुलांना एक काम देतो. घरी जायचे आणि म्हाताऱ्या माणसांकडून दुखण्याचे शब्द आणायचे. इंग्रजी 'पेन' नको. दिवाळीच्या सुट्टीनंतर वही भरून येते. कान ठणकतो, गळू ठसठसते, डोके भणभणते, पाठीत उसण भरते, मान अवघडते, पिंढरीत गोळा येतो, पोटात मुरडा येतो, छातीत जळजळते, डोळ्यात खुपते, खरचटलेले चुरचुरते, तिखट हात लागला की झोंबते, तापाआधी अंगात कसकस वाटते, ओझे वाहून खांद्याला रग लागते, दाढेतून तिडीक जाते ती थेट मस्तकात. प्रत्येक अवयवाला त्याचे क्रियापद, दुसऱ्याचे चालत नाही. गळू भणभणत नाही आणि डोके ठसठसते म्हणणारा मराठी मुलुखाबाहेरचा असतो. 'कळ' या एकट्या शब्दाने तर संसार थाटला आहे: कळ येते, कळ सोसतात, दुसऱ्याला थांब म्हणायचे तर 'जरा कळ काढ' म्हणतात, आणि दुसऱ्यासाठी जीव तुटला तर तो कळवळा. या सगळ्याला 'पेन होतंय' म्हणणे म्हणजे पंचपक्वान्नांच्या ताटाला 'जेवण आहे' एवढेच म्हणणे.

त्या डॉक्टरीणबाईंनी या यादीची एक प्रत मागून नेली आहे. त्यांच्या खोलीत ती टेबलाच्या काचेखाली आहे आणि नव्या रोग्याला त्या तीतले शब्द एकेक करून विचारतात. मागल्या वर्षी त्यांनी निरोप धाडला की, यादीत लहान मुलांसाठी काही नाही. चार वर्षांचे पोर 'आई गं' पलीकडे काय सांगते ते कळवा. म्हणून यंदा मुलांना बालवाड्यांत पाठवले आहे. वाचकांच्या घरी कुणा बाळाने आपल्या दुखण्याला स्वतःचा शब्द दिला असेल, तर तो जसाच्या तसा, शुद्ध न करता, संपादकांच्या पत्त्यावर जरूर धाडावा. पहिला हाती आला आहे. एका मुलीने मुंग्या आलेल्या पायाला सांगितले, "माझ्या पायात सोडा ओतलाय."